निकाल ठरलेला असताना मत का द्यायचं?

13 मे 2024 ला इंदूरमध्ये लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा कोण निवडून येणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. 29 एप्रिलला, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांती बम यांनी माघार घेतली आणि भाजपची वाट धरली. रिंगणात 14 जण उरले, पण भाजपच्या शंकर लालवानींना टक्कर देईल असा त्यांत कुणी नव्हता. तरी 15 लाखांहून जास्त इंदूरकर मे महिन्याच्या उन्हात मत द्यायला गेले.

राज्यशास्त्राला हा प्रश्न फार दिवसांपासून छळतो आहे. रायकर आणि ऑर्डेशुक या अमेरिकी अभ्यासकांनी 1968 मध्ये त्याचं एक सूत्र मांडलं. माझ्या मताने निकाल फिरण्याची शक्यता आणि त्यातून होणारा फायदा यांचा गुणाकार करायचा, त्यातून जाण्यायेण्याचा त्रास वजा करायचा आणि मत दिल्याचं समाधान त्यात जोडायचं. इंदुरात त्या दिवशी गुणाकार शून्य होता, त्रास मात्र पुरता होता. म्हणजे लोकांना बाहेर काढलं ते शेवटच्या पदाने, काहीतरी नोंदवायचं आहे या भावनेने.

काँग्रेसने नेमकी हीच भावना हेरली. स्वतःचा उमेदवार नाही, तर 'नोटा' (वरीलपैकी कुणीही नाही) दाबा, असा प्रचार रिक्षांवर पोस्टर लावून केला. यंत्रावर सगळ्यांत खाली, फुलीचं चिन्ह असलेलं ते बटन. 2019 मध्ये इथे 5,045 जणांनी ते दाबलं होतं. 2024 मध्ये 2,18,674 जणांनी दाबलं. बसपाचा दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार 51,659 वर राहिला. याआधीचा देशातला नोटाचा उच्चांक बिहारमधल्या गोपालगंजचा होता, 51,660.

भाजपपुढचं काम वेगळं होतं: समोर कुणी नसताना आपल्या मतदाराला घराबाहेर काढायचं. गर्बर आणि ग्रीन या राज्यशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात मतदारांचे गट पाडून प्रयोग केला. दारात जाऊन बोललं तर मतदान ठळकपणे वाढलं, फोन केंद्रातून आलेल्या फोनचा उपयोग दिसला नाही. भाजपची पन्नाप्रमुखाची पद्धत याच तत्त्वावर चालते. मतदारयादीच्या एका पानाला एक माणूस, आणि तो शक्यतो त्याच गल्लीतला. इंदूरच्या सुदामानगरात ओळखीचा मुलगा मतदाराची पर्ची हातात ठेवून "काकू, ऊन चढायच्या आत जाऊन या" म्हणाला, की त्याला नाही म्हणणं जड जातं. लालवानी 11,75,092 मतांनी जिंकले. मतदान मात्र 2019 च्या 69 टक्क्यांवरून 62 च्या आसपास घसरलं, आणि मला ही घसरण नोटाइतकीच बोलकी वाटते.

नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी लोकसभेची निवडणूक रद्द होत नाही. उमेदवारांत ज्याला जास्त मतं, तो निवडून येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये हा पर्याय दिला तो गुप्ततेसाठी. त्याआधी नकार द्यायचा तर केंद्रावरच्या अधिकाऱ्याकडे तशी नोंद करावी लागे, म्हणजे सगळ्या खोलीला कळे.

आता नकार गुप्त राहतो, कारणही गुप्तच राहतं. पक्षाच्या सांगण्यावरून किती जणांनी नोटा दाबला आणि निवडच हिरावली गेल्याच्या रागातून किती जणांनी, हे एकूण बेरजेवरून सांगता येणार नाही. पण फॉर्म 20 मध्ये, म्हणजे केंद्रवार निकालाच्या तक्त्यात, प्रत्येक केंद्राचा नोटाचा आकडा असतो. 2019 मध्ये काँग्रेसला ज्या केंद्रांवर भरघोस मतं होती, तिथेच नोटा फुगला का, की भाजपच्या बालेकिल्ल्यांतही तो वाढला? इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठातल्या एखाद्या विद्यार्थ्याने 2019 आणि 2024 चे हे दोन तक्ते शेजारी मांडून बसावं, अशी माझी फार इच्छा आहे.