चेंडूवरून नजर हटवायची नाही?

"चेंडू बॅटला लागेपर्यंत नजर हलवायची नाही," हे नेट्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं. वेगवान चेंडूचा असा सलग पाठलाग डोळ्यांना झेपतच नाही. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिओड या संशोधकांनी फलंदाजांच्या डोक्याला कॅमेरा लावून हे तपासलं (2000). बोलिंग मशीनमधून चेंडू सुटताना नजर त्याच्यावर असते. मग चेंडू मागे टाकून ती टप्प्याच्या अंदाजित जागी उडी घेते आणि तिथे त्याची वाट बघते. कसलेल्या फलंदाजाची ही उडी लवकर पडते, कच्च्याची उशिरा.

मग आठ वर्षांच्या पोरावर नुसतं "बघ, बघ!" ओरडून काय साधणार? बॅट बाजूला ठेवा. टेनिस बॉल हळू टाका, हातातून सुटतानाच बघायला लावा, आणि पडायच्या आत "पुढे" (टप्पा त्याच्या जवळ) की "आखूड" (टप्पा लांब) ते त्याला ओरडू द्या. चुकलं तरी चालेल.