पाईनचं तेल: वास जंगलाचा, नातं टर्पेंटाइनशी

पाईनच्या तेलाचं झाकण उघडलं की कुणाला कुमाऊंमधलं चीडचं जंगल आठवतं आणि कुणाला नुकतीच पुसलेली फरशी, आणि खरं सांगायचं तर दोघंही बरोबर असतात. (चीड म्हणजे हिमालयातला पाईन, देवदार नव्हे हं, फिरायला गेल्यावर आपण सगळ्याच उंच झाडांना देवदार म्हणून मोकळे होतो.)

अरोमाथेरपीत, म्हणजे सुगंधी तेलांच्या उपचारात, वापरतात ते तेल बहुतेक वेळा स्कॉट्स पाईन या युरोपातल्या झाडाच्या सुया आणि कोवळ्या फांद्यांतून वाफेने काढतात. चीडच्या खोडाला खाचा पाडून जो चीक जमवतात, ज्याला उत्तराखंडात लीसा म्हणतात, तो तापवला की मिळतं टर्पेंटाइन, म्हणजे रंगाच्या दुकानातलं तेच. दोन्हींत मात्र एक घटक भरपूर असतो, पायनीन. मिरी आणि जिऱ्यातसुद्धा पायनीन असतं, आणि आरतीच्या कापराच्या वड्या आज बहुतेक करून याच पायनीनपासून कारखान्यात बनतात. फिनाईलमधलं पाईन ऑइल ही तिसरीच गोष्ट, तेही टर्पेंटाइनपासूनच बनवतात पण त्यात मुख्यतः टर्पिनिऑल नावाचा वेगळा घटक असतो, त्यामुळे केवळ स्वस्त मिळतं एवढ्यासाठी ते वाफेच्या भांड्यात टाकायचं नाही.

उपयोग काय? चोंदलेलं नाक, कफ, आखडलेले स्नायू. जर्मनीतल्या कमिशन ई नावाच्या सरकारी तज्ज्ञ समितीने पाईनच्या सुयांच्या तेलाला कफासाठी आणि सांधे-स्नायूंच्या दुखण्यावर बाहेरून लावायला मान्यता दिली होती, पण सोबत हेही बजावलं की दमा किंवा डांग्या खोकला असेल तर वापरू नका. जाहिरातीत पहिला भाग येतो, दुसरा गायब. शांत झोप लागते असंही म्हणतात, पायनीनने उंदरांची झोप वाढलेली दिसली आहे खरी, पण त्यांना ते तोंडावाटे दिलं होतं, आणि त्यावरून आपल्या डिफ्युझरबद्दल, म्हणजे खोलीत वास पसरवणाऱ्या यंत्राबद्दल, काही ठरवणं जरा घाईचंच.

आता ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही ते. पायनीन आणि त्याचंच भावंड कॅरीन हवेशी संयोग पावतं आणि त्यातून पेरॉक्साइडं तयार होतात, ती कातडीला नुसती झोंबत नाहीत तर शरीराला कायमची अ‍ॅलर्जी शिकवतात. रंगाऱ्यांच्या हातांना टर्पेंटाइनने इसब होतं त्यामागे मुख्यतः हेच कारण. म्हणून तर सुगंध उद्योगाच्या इफ्रा या संस्थेच्या नियमात पाईनवर्गीय तेलांसाठी पेरॉक्साइडची मर्यादा लिटरला 10 मिलिमोल ठेवली आहे. पण ती कारखान्यात पाळणार, तुमच्या बाथरूमच्या फळीवर अर्धी रिकामी बाटली चार उन्हाळे पडली असेल तर तिथे कोण मोजणार? माझ्या मते बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहिणं हीच सगळ्यात मोठी काळजी, शिवाय झाकण घट्ट, जागा थंड आणि अंधारी, आणि जुनी वाटली तर अंगाला लावायची नाहीच.

ताजं असलं तरी थेट नको, 30 मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात साधारण सहा थेंब, म्हणजे 1 टक्क्याच्या आसपास, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दिवसभर बघायचं. अंघोळीच्या पाण्यात तसंच टाकलं तर ते मिसळत नाही, वर तरंगतं आणि नेमकं कातडीला चिकटतं. वाफ घ्यायची तर दोन थेंब पुरतात, डोळे मिटून, आणि गॅस बंद केल्यावर, कारण हे तेल चटकन पेट घेतं. लहान मुलांना त्याची वाफ नको, गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. घरात मांजर असेल तर डिफ्युझर लावूच नका, असले पदार्थ पचवून बाहेर टाकायची यंत्रणा मांजरांच्या यकृतात फारच कच्ची असते.

आणि पोराने चुकून घोटभर प्यायलं तर घरचे पहिल्यांदा करतात ते म्हणजे घशात बोट घालून उलटी काढणं, तेच नेमकं करायचं नाही. पातळ तेल उलटीबरोबर वर येताना फुफ्फुसात शिरतं आणि पोटातल्यापेक्षा तिथे जास्त घात करतं. बाटली सोबत घ्या आणि सरळ हॉस्पिटल गाठा.