शंभर टक्के व्हायरस पकडणारा अँटिव्हायरस असूच शकत नाही, मग घ्यायचा कुठला?

घरच्या कॉम्प्युटरसाठी अँटिव्हायरस शोधायला बसलं की "१०० टक्के संरक्षण" असं कुठेतरी लिहिलेलं दिसतंच, आणि माझं डोकं तिथेच फिरतं. ९९.९ म्हणा, मी गप्प बसेन. पण शंभर टक्के हे अशक्य आहे, आणि अशक्य म्हणजे अजून कोणाला जमलं नाही अशातलं नाही, कोणालाच कधीच जमणार नाही असं चक्क सिद्ध झालेलं आहे, तेही १९८४ साली. हे एकदा डोक्यात बसलं की कुठला घ्यायचा हा प्रश्न बराच सोपा होतो, म्हणून आधी तेच सांगतो.

फ्रेड कोहेन हा तेव्हा अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत होता. १९८३ मध्ये त्याने स्वतःच्या प्रती दुसऱ्या प्रोग्राममध्ये घुसवणारा एक छोटा प्रोग्राम करून दाखवला, आणि त्याला व्हायरस हे नाव सुचवलं त्याचे प्राध्यापक लिओनार्ड एडलमन यांनी (एन्क्रिप्शन म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा मजकूर बदलून टाकणं, त्याच्या आरएसए या प्रसिद्ध पद्धतीतला ए म्हणजे हेच). पुढच्या वर्षीच्या संशोधन पेपरमध्ये कोहेनने विचारलं की कुठलाही प्रोग्राम बघून तो व्हायरस आहे का हे दरवेळी अचूक सांगणारा प्रोग्राम लिहिता येईल का? उत्तर आलं, नाही. आणि आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस, ब्रेन, आला १९८६ मध्ये. म्हणजे पीसीवर चोर यायच्या आधीच सगळे चोर पकडता येणार नाहीत हे माहीत होतं!

कोहेनचा युक्तिवाद इतका सुंदर आहे की तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. समजा एक सर्वज्ञ तपासनीस प्रोग्राम आहे, त्याला कुठलाही कोड द्या, हा पसरेल की नाही ते तो न चुकता सांगतो. आता मी एक प्रोग्राम लिहितो, त्याचं नाव खोडकर. खोडकरच्या पोटात तपासनीसाची अख्खी कॉपी आहे. चालू झाला की खोडकर त्या कॉपीला स्वतःचाच कोड देतो आणि विचारतो, मी व्हायरस आहे का? उत्तर "हो" आलं तर तो गुपचूप बंद होतो, एकाही फाइलला हात लावत नाही. उत्तर "नाही" आलं तर लगेच पसरायला लागतो. बस म्हटलं की उभं राहणारं आणि उभं राहा म्हटलं की बसणारं हट्टी पोर असतं ना, तसा. आता तपासनीसाने काय सांगावं? "हो" म्हटलं तर खोडकर पसरतच नाही, म्हणजे उत्तर चूक. "नाही" म्हटलं तर पसरतो, म्हणजे तेही चूक. तिसरं उत्तर नाही. म्हणून असा तपासनीस असूच शकत नाही.

यावर लोक म्हणतात की हा एक मुद्दाम बनवलेला विचित्र प्रोग्राम झाला, त्याच्याशी आम्हाला काय करायचंय. पण हेन्री राइस या गणितज्ञाने १९५३ मध्येच दाखवलं होतं की प्रोग्राम चालल्यावर काय करेल याबद्दलचा जवळपास कुठलाही प्रश्न घ्या, सगळ्या प्रोग्रामसाठी त्याचं अचूक उत्तर देणारी पद्धत नसते. आणि त्याच्याही मागे १९३६ चा गणितज्ञ ॲलन ट्युरिंग आहे, प्रोग्राम कधीतरी थांबेल की चालतच राहील हेसुद्धा सर्वसाधारणपणे आधी सांगता येत नाही म्हणणारा. (आता कोणी म्हणेल की खऱ्या कॉम्प्युटरची मेमरी मर्यादित असते, त्यामुळे तत्त्वतः सगळ्या स्थिती तपासता येतील. बरोबर आहे, फक्त त्या स्थितींची संख्या इतकी प्रचंड आहे की विश्वाचं आयुष्य पुरणार नाही, तेव्हा हा मुद्दा सोडून देऊ.)

हे नुसतं कागदावरचं नाहीये. जुना अँटिव्हायरस काय करायचा, तर सापडलेल्या व्हायरसमधला बाइट्सचा एखादा खास तुकडा उचलायचा, त्याला सिग्नेचर म्हणतात, आणि प्रत्येक फाइलमध्ये तोच तुकडा शोधायचा. मस्त चाललं होतं. मग १९९० मध्ये १२६० नावाचा व्हायरस आला, त्याने स्वतःचं शरीर एन्क्रिप्ट केलं, दर कॉपीला वेगळी किल्ली, आणि ते उलगडणारा छोटा कोडसुद्धा दरवेळी वेगळा दिसेल असा, मधेमधे बिनकामाच्या सूचना टाकून. याला पॉलिमॉर्फिक म्हणतात. दोन प्रतींमध्ये सारखा असा धड तुकडाच उरत नाही, मग सिग्नेचर कशाची घेणार? अँटिव्हायरसवाल्यांनी उत्तर काढलं इम्युलेशन, म्हणजे फाइल खरी न चालवता एका खोट्या, सॉफ्टवेअरने बनवलेल्या प्रोसेसरवर चालवायची, व्हायरसला स्वतःच स्वतःला उलगडू द्यायचं आणि उलगडल्यावर मेमरीत सिग्नेचर शोधायची. चोराच्याच हाताने कुलूप उघडून घ्यायचं! मला ही कल्पना फारच आवडते. पण व्हायरसवाले पण काही कमी नाहीत, त्यांनी उलगडायच्या आधी लाखो निरर्थक बेरजा टाकल्या. तुम्ही फाइलवर डबलक्लिक करून वाट बघताय, इम्युलेटर किती वेळ थांबणार? कधीतरी त्याला सोडून द्यावंच लागतं, आणि अजून थोडं थांबलो असतो तर काही निघालं असतं का हे त्याला कळायला मार्ग नाही. बघा, ट्युरिंग इथे परत भेटला.

म्हणून हल्लीचे अँटिव्हायरस फाइल दिसते कशी याबरोबर ती वागते कशी हेही बघतात. एखादा प्रोग्राम धडाधड एकामागून एक डॉक्युमेंट उघडतोय, त्यात गिचमिड भरून सेव्ह करतोय आणि विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती पुसतोय, तर तो रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, असायची शक्यता भरपूर. पण फोटोंचं फोल्डर एन्क्रिप्ट करून बॅकअप घेणारा साधा सज्जन प्रोग्रामही बराचसा असाच वागतो. म्हणजे कडक राहिलं की निरपराध अडकतात, सैल सोडलं की गुन्हेगार सुटतात.

इथे एक साधा हिशोब करू. समजा डिस्कवर दोन लाख फाइल्स आहेत आणि त्यातल्या फक्त दोन वाईट. अँटिव्हायरस वाईट फाइल ९९ टक्के वेळा पकडतो आणि चांगल्या फाइलवर हजारात एकदाच उगाच ओरडतो. ऐकायला झकास, पण दोन लाखात हजारी एक म्हणजे २०० खोटे अलार्म, आणि खरे जेमतेम दोन. असा अँटिव्हायरस चार दिवसांत माणूस बंद करून टाकेल. खोटा अलार्म निरुपद्रवीही नसतो, २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून हलवली आणि जगभर कितीतरी कॉम्प्युटर पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत बसले.

तेव्हा "किती पकडतो" हा अर्धाच आकडा आहे, "किती वेळा उगाच पकडतो" हा शेजारी नसेल तर त्याला काही अर्थ नाही. सगळ्याच फाइलींना व्हायरस म्हणणारा प्रोग्रामसुद्धा शंभर टक्के व्हायरस पकडतो की! दोन्ही आकडे स्वतंत्र लॅब फुकट देतात, जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता याला प्रत्येकी ६ असे १८ पैकी गुण देते, आणि त्यातली वापरसुलभता म्हणजे मुख्यतः खोटे अलार्म किती, हे पुष्कळांना माहीतच नसतं. एकाच वेळचा निकाल बघू नका, मागचे चार-पाच बघा, वरचे बरेचसे जवळजवळ सारखेच निघतात आणि ०.२ टक्क्याच्या फरकावर भांडण्यात अर्थ नाही.

त्या निकालांत विंडोजबरोबर फुकट येणारा डिफेंडर गेली काही वर्षं चांगल्या गुणांनी पास होतोय, त्यामुळे माझं मत विचाराल तर घरगुती विंडोजवाल्याने आधी तोच चालू आहे का बघावं आणि पैसे द्यायचे तर दुसऱ्यात नेमकं काय जास्त मिळतंय ते विचारून द्यावेत. मॅकला व्हायरस लागत नाही ही पण एक अंधश्रद्धाच, ॲपल स्वतः २००९ पासून एक्सप्रोटेक्ट नावाचा स्कॅनर मॅकमध्ये घालतंय, ते काय उगाच? आणि एआय लिहिलं की लगेच भाळू नका. २०१९ मध्ये संशोधकांनी सायलन्स या एआयवाल्या अँटिव्हायरसला कसं गंडवलं, तर व्हायरसच्या फाइलच्या शेवटी एका गेममधून काढलेला मजकूर नुसता चिकटवला. व्हायरस तोच, वागणं तेच, पण मॉडेल म्हणालं सज्जन आहे.

दोन अँटिव्हायरस एकदम चालवू नका हे तर ऐकलं असेलच, पण का? फाइल उघडली की दोघंही मधे पडून तपासतात, एक उघडतो म्हणून दुसरा तपासतो, एकाने कैद केलेल्या फाइली दुसऱ्याला सापडतात, आणि मशीन गुडघे टेकतं. शिवाय अँटिव्हायरसला सिस्टमच्या अगदी आत, कर्नलपर्यंत (म्हणजे तिच्या गाभ्यापर्यंत) जागा द्यावी लागते, तिथे चूक झाली तर काय होतं ते १९ जुलै २०२४ ला दिसलं, क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर नेऊन बसवली. ते कंपन्यांसाठीचं सॉफ्टवेअर होतं, तत्त्व घरीही तेच. आणि इतक्या आत बसलेल्याला तुमचं सगळं दिसतं. अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीने वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती आपल्याच एका उपकंपनीमार्फत विकली होती, २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यासाठी १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. म्हणून फुकट अँटिव्हायरस घेताना प्रायव्हसीची सेटिंग उघडून बघाच.

बाकी अपडेट आणि बॅकअप. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर पसरला तेव्हा ज्या भोकातून तो घुसला ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता, बहुतेक तडाखा बसला तो ज्यांनी तो टाकला नव्हता त्यांना. बॅकअपची डिस्क कॉपी झाल्यावर काढून ठेवा, जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तीही एन्क्रिप्ट करतो.

नवीन लॅपटॉपबरोबर एखादा ट्रायल अँटिव्हायरस आला असेल आणि त्याची मुदत संपली असेल तर तो नुसता बंद करून ठेवू नका, पूर्ण अनइन्स्टॉल करा, बऱ्याच कंपन्या त्यासाठी वेगळं टूल देतात. मग रीस्टार्ट करून विंडोज सिक्युरिटीमध्ये रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू झालंय का ते डोळ्यांनी बघा. खात्रीच करायची असेल तर आयकार या अँटिव्हायरस-संशोधन संस्थेची टेस्ट फाइल डाउनलोड करा, ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल आहे, सगळ्या मोठ्या अँटिव्हायरसनी तिला ओळखायचं असं आपसात ठरलेलं आहे. ती उतरली आणि काहीच ओरडलं नाही, तर तुमचा अँटिव्हायरस झोपलाय.