अपमान खिशात घालणारे क्रियापद: 'पुट अप विथ'चा इतिहास

'पुट' म्हणजे ठेवणे, 'अप' म्हणजे वर आणि 'विथ' म्हणजे सोबत, हे इंग्रजीचा श्रीगणेशा गिरवणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. पण हे तीन शब्द एकापुढे एक आले की त्यांचा अर्थ 'सहन करणे, खपवून घेणे' असा होतो, आणि तो तसा का होतो हे सहसा कोणी सांगत नाही. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत अशा क्रियापदांच्या लांबलचक याद्या असतात आणि त्या तोंडपाठ करणे एवढाच मार्ग विद्यार्थ्यापुढे उरतो. ही अडचण जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत म्हटले होते, की क्रियापदापुढे छोटासा शब्द जोडून त्याचा अर्थ बदलण्याची ही पद्धत परकीयांना सर्वाधिक अवघड जाते, आणि त्यातील काही रूपे तर कमालीची अनियमित दिसतात. मला मात्र वाटते, की या अनियमित दिसणाऱ्या रूपांच्या मुळाशी बहुतेक वेळा एखादी ठोस, हाताने करायची कृती असते, आणि 'पुट अप विथ'च्या बाबतीत ती कृती आजही दाखवता येते.

सुरुवात 'पुट'पासून करू. जुन्या इंग्रजीत या धातूचा अर्थ 'ठेवणे' नव्हता, तर 'ढकलणे, रेटणे' असा होता. गोळाफेकीला इंग्रजीत 'शॉटपुट' म्हणतात ते याच अर्थाने; त्या खेळात गोळा चेंडूसारखा भिरकावायचा नसतो, तर मानेजवळ धरून खांद्याच्या जोरावर पुढे रेटायचा असतो. गोल्फमधील 'पट', म्हणजे चेंडू हलकेच खळग्याकडे ढकलणारा फटका, हेही याच शब्दाचे भावंड आहे. रेटण्यापासून 'जागेवर नेऊन सोडणे' आणि तेथून 'ठेवणे' असा अर्थ सौम्य होत गेला, आणि तो जितका सौम्य झाला तितका हा शब्द वाटेल त्या कामाला जुंपता येऊ लागला. ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या सुधारणेत २००७ साली 'पुट'ची नोंद त्या कोशातील सर्वांत मोठी ठरली होती. पुढे २०११ साली 'रन'ने तिला मागे टाकले.

आता 'अप'कडे वळू. जुनी इंग्रजी भाषा क्रियापदाचा अर्थ वळवण्यासाठी संस्कृतप्रमाणेच उपसर्गांचा भरपूर वापर करीत असे. हे उपसर्ग हळूहळू झिजले, वाक्यातील शब्दांचा क्रम बदलला, आणि १०६६ साली नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या नॉर्मन राजवटीच्या काळात ही पडझड चालू असतानाच क्रियापदाच्या मागून येणाऱ्या 'अप', 'आउट', 'ऑफ' अशा स्वतंत्र शब्दांनी उपसर्गांचे काम उचलले. हा बदल घडत असताना पकडावा, असा एक पुरावा इंग्लंडमधील पीटरबरोच्या मठातील इतिवृत्तात आहे. नॉर्मंडीतील सरदारांनी आपले किल्ले सोडून देईपर्यंत आंजूच्या काउंटने त्यांना वेढा घातला, असे तेथे ११४० सालच्या नोंदीत सांगितले आहे, आणि 'सोडून दिले' यासाठी जे क्रियापद आले आहे त्याच्या अगोदर जुना 'आ' हा उपसर्ग आहे आणि नंतर नवा 'अप'ही आहे. त्या लेखकाच्या भाषेत दोन्ही व्यवस्था एकाच शब्दापाशी एकत्र आल्या आहेत. आजचे 'गिव्ह अप' हे त्याच रूपाचे वंशज. फक्त उपसर्ग तेवढा गळून गेला. या प्रकारच्या क्रियापदांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र बरेच उशिरा रूढ झाले. लेखक लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली ते छापील वापरात आणले आणि ही सूचना ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांची असल्याचे नमूद केले.

'अप'चा मूळ अर्थ 'वर' असला, तरी त्याला 'आत, बंदिस्त, जागच्या जागी' अशी एक छटा लवकरच आली. कुलूप लावून बंद करणे, गुंडाळून ठेवणे, साठवून ठेवणे या सर्व कृतींना इंग्रजीत 'अप' लागतो. १६११ साली छापलेल्या बायबलच्या इंग्रजी अनुवादात याची फार बोलकी उदाहरणे आहेत. येशूला पकडायला आलेल्या लोकांवर त्याच्या एका सोबत्याने तलवार उपसली तेव्हा येशू त्याला ती पुन्हा तिच्या जागी घालायला सांगतो, आणि तेथे शब्द आहे 'पुट अप'. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात मंदिरात जमलेला पैसा थैल्यांत भरून मोजला जातो. तेथेही 'पुट अप'च आहे. म्हणजे तलवार म्यानात घालणे आणि नाणी थैलीत टाकणे या दोन्ही कृतींना त्या काळी एकच क्रियापद पुरत होते. प्रवाशाचा घोडा तबेल्यात बांधणे यालाही हाच शब्द लागे, आणि पुढे घोड्याचा मालक खाणावळीत मुक्कामाला राहिला तरी 'पुट अप' झाला. पाहुण्याची सोय करणे हा आजचा अर्थ त्याच वळणाचा आहे. अमेरिकेत फळे आणि भाज्या बरण्यांत भरून वर्षभरासाठी टिकवणे याला अजूनही असेच म्हणतात.

येथून अपमानापर्यंतचे अंतर फार थोडे आहे. कोणी आगळीक केली असता तलवार उपसायची नाही, किंवा तो अपमान नाण्यासारखा खिशात टाकून गप्प बसायचे, यालाच सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'पुट अप' म्हणू लागले होते. यांतले मूळ चित्र तलवारीचे की खिशाचे, हे काटेकोरपणे वेगळे करणे कठीण आहे, आणि बोलणाऱ्यांच्या मनात दोन्ही एकमेकांना बळ देत असावीत. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त फसवला गेलेला रॉडरिगो म्हणतो, की आजवर जे मूर्खपणाने सोसले ते मुकाट्याने 'पुट अप' करायची माझी तयारी नाही. 'किंग जॉन' नाटकात तर हे रूपक अगदी जिवंत दिसते. ऑस्ट्रियाचा ड्यूक म्हणतो, की हे अन्याय मला खिशात घालावे लागतील, आणि समोरचा पात्र तत्काळ त्याला टोमणा मारतो, की तुझ्या विजारीत ते छान मावतील! प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे खराखुरा खिसा उभा राहत असल्याशिवाय हा विनोद वठलाच नसता.

मराठी माणूस हाच अपमान खिशात न घालता गिळतो. कृती वेगळी, पण बाहेर उमटू शकणारी गोष्ट आत ठेवून देण्याची कल्पना तीच आहे. इंग्रजी जे काम मागून येणाऱ्या शब्दाकडून करून घेते ते मराठी दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे: 'खाऊन टाक' मध्ये कोणी काही टाकत नाही आणि 'खपवून घेतले' मध्ये हातात काही घेतले जात नाही. 'ईट अप'मधल्या 'अप'ची गत तशीच आहे.

शेक्सपिअरच्या वाक्यात 'विथ' नाही. अपमान हे तेव्हा क्रियापदाचे सरळ कर्म होते. 'विथ' जोडलेले रूप अठराव्या शतकात स्थिरावले, आणि तो जोडला जाण्यामागे 'बेअर विथ' म्हणजे 'सांभाळून घेणे' या आधीपासून रुळलेल्या प्रयोगाचा प्रभाव असणे शक्य आहे. 'विथ' आल्याने अर्थाची धार बोथट झाली. पूर्वी सूड न घेता सोडून दिलेल्या अपमानापुरता असलेला शब्द आता गोंगाट, पाऊस, वाईट जेवण आणि घोरणारा सोबती यांनाही लागू झाला. फ्रेंच आणि लॅटिनमधून आलेली 'एन्ड्युअर' आणि 'टॉलरेट' ही क्रियापदे ग्रांथिक भाषेत राहिली, तर रोजच्या तक्रारी या घरगुती शब्दाच्या वाट्याला आल्या.

एक प्रसिद्ध विनोद या रचनेचे व्याकरणच उघडे करतो. १६७२ साली कवी जॉन ड्रायडन यांनी नाटककार बेन जॉन्सन यांच्या वाक्यांच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येते म्हणून दोष काढला, आणि तो पुढे शाळामास्तरांचा नियम बनला. तो नियम हट्टाने पाळून 'जे मी खपवून घेणार नाही' या अर्थाचे इंग्रजी वाक्य रचताना कोणीतरी 'अप' आणि 'विथ' हे दोन्ही शब्द उचलून पुढे नेले, आणि 'अप विथ विच आय विल नॉट पुट' असे हास्यास्पद वाक्य झाले. हे वाक्य विन्स्टन चर्चिल यांच्या नावावर खपवले जाते, पण १९४२ साली ते त्यांच्या नावाविनाच छापले गेले होते. ते विचित्र वाटण्याचे कारण असे, की दोघांपैकी फक्त 'विथ' हेच खरे शब्दयोगी अव्यय आहे आणि पुढे नेता येते ते तेवढेच. 'अप' हा क्रियापदाचाच भाग असल्याने त्याला 'पुट'पासून तोडून पुढे नेता येत नाही.