ख्राइस्टचर्चचा अल्बम आणि त्यातल्या रिकाम्या जागा

भूकंपानंतरच्या पहिल्या आठवड्यात फोटोंना तोटा नसतो. पण तीन वर्षांनी त्याच रस्त्याचा फोटो कोण काढतं? न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चला राहणारे माझे एक परिचित काढत राहिले, आपल्या रोजच्या वाटेवर, त्याच त्या कोपऱ्यांवरून. त्यांचा अल्बम पाहिल्यापासून माझं ठाम मत झालंय की शहर कसं सावरतं हे समजायला असे वरकरणी नीरस फोटोच लागतात.

४ सप्टेंबर २०१० च्या पहाटे या भागाला ७.१ मॅग्निट्यूडचा धक्का बसला, पण इमारती कोसळून कुणी दगावलं नाही. २२ फेब्रुवारी २०११ चा धक्का ६.२ चा, म्हणजे ऊर्जेने वीसपटीहून लहान. त्यात १८५ माणसं गेली. पहिल्याचं केंद्र सुमारे ४० किलोमीटर दूर होतं. दुसरा शहराला अगदी लागून, जेमतेम पाच किलोमीटर खोलीवर झाला, आणि तोही दुपारी १२.५१ ला, बाजारपेठ गजबजलेली असताना.

अल्बमची सुरुवातीची पानं राखाडी गाळाने भरली आहेत. अंगणात गाळ, रस्त्यात रुतलेल्या गाड्या, फावडी घेतलेले विद्यार्थी. हा गाळ नदीच्या पुराने आणलेला नाही, तो जमिनीखालून वर आलाय. समुद्रकाठच्या ओल्या वाळूत पाय आपटत राहिलं की पाणी वर येतं आणि पाय रुततो, तसंच काहीसं इथे झालं. शहराचा बराच भाग जुन्या दलदलीवर वसलेला. वाळूचे सैल कण एकमेकांवर टेकलेले आणि मधल्या फटींत पाणी. हादरे बसले की कण दाटीने बसू पाहतात, पण पाण्याला इतक्या लवकर निघून जाता येत नाही. त्याचा दाब वाढतो, कणांचा एकमेकांना असलेला आधार सुटतो आणि काही काळ जमीन द्रवासारखी वागते. याला द्रवीकरण म्हणतात. दाबलेलं पाणी मग वाळू-गाळ घेऊन भेगांतून उसळतं.

पुढची पानं उलटताना मी सर्वात जास्त रेंगाळले ती एव्हॉन नदीकाठच्या फोटोंवर. पहिल्या फोटोत घर उभं आहे, फक्त कुंपण नदीकडे सरकलंय. नंतरच्या फोटोत घर नाही, नुसतं गवत. घर दुरुस्त करता आलं असतं, पण खालच्या जमिनीचा भरवसा उरला नव्हता. अशा भागांना ‘रेड झोन’ ठरवून सरकारने सुमारे ८,००० मालमत्ता विकत घेण्याची तयारी दाखवली आणि घरं हटवली. परसातली झाडं मात्र ठेवली. गवतात ओळीने उभी असलेली सफरचंदाची, प्लमची झाडं पाहून अजूनही सांगता येतं, कुठे कुणाची हद्द होती. उपग्रहाच्या चित्रात हे सगळं हिरवं दिसतं. रस्त्यावर उभं राहून काढलेल्या फोटोत मोहल्ला ओळखू येतो.

शहराच्या मध्यभागाची गोष्ट वेगळी. तिथला सर्वात धोकादायक भाग २०१३ च्या जूनपर्यंत बंदच होता. पण २०११ च्या ऑक्टोबरमध्येच मालवाहू कंटेनरांत रंगीबेरंगी दुकानं सुरू झाली. २०१३ मध्ये जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी आराखडा केलेलं, कागदी नळ्या वापरून बांधलेलं चर्च उघडलं. त्यानंतरच्या फोटोंत नव्या इमारती पूर्वीपेक्षा बुटक्या, आणि काचेआडून पोलादी तिरके आधार दिसणाऱ्या.

असे घरगुती फोटो कॅन्टरबरी विद्यापीठाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या डिजिटल संग्रहातही जपलेले आहेत. अभ्यासकांच्या कामी ते येतात, पण तारीख, जागा आणि दिशा ठाऊक असेल तरच.

लातूर-धाराशिव भागात कितीतरी घरांत ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरचे फोटो असतील: पत्र्याचे निवारे, नव्या गावठाणाची आखणी, पहिल्या वर्षीची शाळा. ज्यांना त्या जागा ओळखता येतात, ती माणसं आता म्हातारी होत आहेत. त्यांच्याजवळ बसून गाव, गल्ली आणि वर्ष विचारून घ्या आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहून ठेवा. पेनाची शाई पुढे उमटू शकते.