बुद्धी, शहाणपण आणि सुख : एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी वह्या-पुस्तकांच्या दुकानात शिष्यवृत्ती परीक्षेची मार्गदर्शके रचून ठेवलेली असतात आणि त्यांत बुद्धिमत्ता चाचणीचे पुस्तक हमखास असते. आरशातील प्रतिमा, विसंगत घटक, सांकेतिक भाषा, दिनदर्शिका ही त्यातली प्रकरणे मुले महिनोन्‌महिने गिरवतात. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात सुरू झाल्याने प्रवेश परीक्षांच्या या तयारीला येथे आणखी वजन आले. मूल हुशार निघाले की ते पुढे सुखात राहील, ही त्यामागची समजूत आता इतकी अंगवळणी पडली आहे की बुद्धीने माणूस शहाणा आणि सुखी होतोच का, अशी शंका घेणारी परंपरा किती जुनी आहे, याचा सहसा विसर पडतो.

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे येतो, तेव्हा त्याने शिकायचे काही बाकी ठेवलेले नसते. चार वेद, इतिहास-पुराणे, गणित, तर्क, नक्षत्रविद्या अशी लांबलचक यादी तो सांगतो आणि अखेरीस म्हणतो की, मी मंत्र जाणतो, आत्मा जाणत नाही, म्हणून मला शोक होतो. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस अशी बुद्धीची वर्गवारी आहे आणि थोड्याच श्लोकांनंतर सुखाचीही तशीच वर्गवारी येते. या दोहोंच्या मध्ये धृतीचे, म्हणजे मनाच्या धारणाशक्तीचे, तीन प्रकार सांगितले आहेत. बुद्धीपासून सुखापर्यंत थेट वाट नाही, असे या क्रमातून सुचवले आहे, असे मला वाटते.

साताऱ्यापुरते बोलायचे तर या प्रश्नाची सर्वांत रोखठोक मांडणी सज्जनगडावर अखेरची वर्षे काढणाऱ्या समर्थ रामदासांनी केली. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खाच्या लक्षणांचा आहे आणि दहावा, म्हणजे शेवटचा, पढतमूर्खाच्या लक्षणांचा. पहिल्या समासातला मूर्ख आपल्या सर्वांच्या ओळखीचा असतो. त्याला व्यवहार कळत नाही आणि कुठे काय बोलावे याचा पोच नसतो. दहाव्यातला मूर्ख मात्र बहुश्रुत आहे, व्युत्पन्न आहे, ब्रह्मज्ञान स्वच्छ शब्दांत बोलणारा आहे, आणि तरीही दुराशा व अभिमान उराशी धरून आहे. दोघांवर उपाय एकच नाही, हे समर्थांनी ओळखले होते, कारण पहिल्याला शिकवता तरी येते; दुसऱ्याचे शिकणे आधीच झालेले असते. विद्वत्तेने माणूस शहाणा होतोच असे नाही, एवढेच सांगून ते थांबत नाहीत. विद्वत्ता असूनही तो अस्वस्थ का राहतो, याचे कारण ते त्याच्या अभिमानात आणि हावेत दाखवतात. दासनवमीला गडावर जाणाऱ्या गर्दीत मनाच्या श्लोकांतील ‘जगी सर्व सुखी असा कोण आहे’ ही ओळ पुष्कळांना पाठ असते. पढतमूर्खाचा समास तितका म्हटला जात नाही. सुशिक्षितांना तो जरा अडचणीचाच आहे.

याच जिल्ह्यात, कराडजवळच्या टेंभू गावी, १८५६ साली जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी हा प्रश्न दुसऱ्या बाजूने हाताळला. बुद्धीवर त्यांचा विश्वास समर्थांपेक्षा निराळ्या जातीचा होता. जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा होता, आणि त्या मिलनेच तृप्त मूर्खापेक्षा अतृप्त सॉक्रेटिस होणे बरे, असे आपल्या उपयुक्ततावादावरील विवेचनात लिहिले होते. असा पक्ष घेणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते, हे आगरकरांच्या आयुष्यात दिसते. शिक्षण संपत आले असता त्यांनी आईला पत्र लिहून कळवले की, मोठ्या पगाराची वाट तिने पाहू नये. आपण पोटापुरत्या पैशावर संतोष मानून सारा वेळ परहितासाठी घालवणार आहोत. गरिबीतून वर आलेल्या मुलाने आईला असे कळवणे आजही कोणत्या घरात सहज पचेल? पुढे ‘सुधारक’ या आपल्या पत्रातील लेखनापायी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा निघाली आणि दम्याने जर्जर होऊन १८९५ साली, चाळिशी गाठण्याआधीच, ते गेले. हुशारीने त्यांना ऐहिक सुख दिले नाही, तरी ज्या संतोषाचा पत्रात उल्लेख आहे तो त्यांनी समजून-उमजून निवडला होता.

विसाव्या शतकात या चर्चेत मोजपट्टी आली. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची कसोटी तयार केली ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून. बुद्धी ही जन्मजात ठरलेली, न बदलणारी राशी आहे, हे मत बिने यांना मान्य नव्हते. कसोटी मात्र जगभर पसरली ती बहुतांशी हा इशारा मागे टाकून. मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी तिचे रूपांतर डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. जीवनातील समाधान मोजणारी, आज सर्वत्र वापरली जाणारी मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांची पाच विधानांची प्रश्नावली आली ती १९८५ साली, आणि शहाणपणाच्या मापनाचे पद्धतशीर काम बर्लिनमध्ये पॉल बाल्टेस यांच्या गटाने केले तेही त्याच सुमारास. मधल्या ऐंशी वर्षांत बुद्धी, शहाणपण आणि सुख या तिन्हींपैकी एकाच गोष्टीला, म्हणजे बुद्धीला, आकडा होता, आणि शाळांना व परीक्षा मंडळांना आकडाच हवा असतो.

तिन्हींची मापे हाती आल्यावर जे निष्कर्ष निघाले ते एकसुरी नाहीत. इंग्लंडमधील ६,८७० प्रौढांच्या माहितीवरून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७० ते ९९ बुद्ध्यंकाचे, म्हणजे बुद्धिमापन कसोटीत तेवढा गुणांक आलेले, लोक १२० ते १२९ बुद्ध्यंकाच्या लोकांपेक्षा कमी सुखी आढळले. पण उत्पन्न, प्रकृती, रोजच्या कामांसाठी इतरांवर अवलंबून राहणे आणि मानसिक त्रास यांचा हिशेब धरल्यावर या फरकाचा बराचसा उलगडा झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालवले, त्यामागे मानसशास्त्र नव्हते. पण हुशारीच्या आधी अन्न आणि निवारा यांची सोय लागते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

२०१३ सालीच मानसशास्त्रज्ञ इगोर ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या ज्ञानाची मर्यादा ओळखणे, दुसऱ्याची बाजू समजून घेणे, परिस्थिती पालटू शकते हे ध्यानात ठेवणे, असा विचार करणाऱ्यांमध्ये समाधान अधिक आणि नात्यांतील कुरबुरी कमी दिसल्या. बुद्धिमत्तेच्या गुणांशी समाधानाचा असा संबंध आढळला नाही. पुढच्या वर्षी ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस यांनी लोकांना जोडीदाराने विश्वासघात केल्याचा प्रसंग विचारासाठी दिला, कोणाला स्वतःच्या बाबतीत, तर कोणाला मित्राच्या. मित्राच्या बाबतीत लोक अधिक शहाणपणाने विचार करताना दिसले, म्हणजे ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान’ ही म्हण प्रयोगशाळेतही खरी ठरली. स्वतःच्या प्रसंगाकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहायला सांगितल्यावर ही तफावत नाहीशी झाली. साठ ते ऐंशी वयाची माणसे वीस ते चाळीसच्या तरुणांपेक्षा स्वतःच्या बाबतीत अधिक शहाणी असतात, असे मात्र त्यात दिसले नाही.