इटालियन हिच : फक्त दोर आणि कॅराबिनर

डिसेंडर (दोरावरून उतरायचं साधन) दरीत पडला, तरी एक स्क्रू-कॅराबिनर, म्हणजे स्क्रूने बंद होणारी धातूची कडी, हाताशी असेल तर बिले देता येतो, म्हणजे चढणारा पडला तर दोर रोखून धरता येतो, आणि जोडीदाराला खालीही सोडता येतं. त्यासाठी जी गाठ लागते तिला आपल्याकडचे गिर्यारोहक मंटर हिच किंवा इटालियन हिच म्हणतात. इटलीत ती ‘मेद्झो बार्कायोलो’, म्हणजे अर्धी क्लोव्ह हिच (दोर जागीच आवळून धरणारी गाठ). १९५०च्या दशकाच्या अखेरीस बिसाचा, गार्डा आणि जिलार्दोनी या इटालियन गिर्यारोहकांनी ती बिलेसाठी पुढे आणली. पुढे १९७०च्या दशकात स्विस गिर्यारोहक वेर्नर मुंटर यांनी तिचा प्रसार केला आणि नाव त्यांचं लागलं.

दोरात शेजारी शेजारी, एकाच दिशेने पीळ दिलेले दोन वेढे करा. पुस्तक मिटतो तसे ते एकमेकांवर मिटवा आणि दोन्ही वेढे एकदम कॅराबिनरमध्ये घेऊन गेट, म्हणजे कडीचं उघडणारं दार, बंद करा, स्क्रू फिरवा. मिटवण्याऐवजी एक वेढा दुसऱ्याच्या मागे सरकवला, तर क्लोव्ह हिच होते आणि दोर जागीच अडकतो. म्हणून लोड (भार) देण्याआधी गाठीतून निघणारे दोराचे दोन्ही पदर आळीपाळीने ओढून पाहायचे. गाठ कॅराबिनरमधून पलटी खाऊन दोन्हीकडे सरकली पाहिजे. या पलटीला जागा लागते, म्हणून रुंद तोंडाचा, नासपतीच्या आकाराचा कॅराबिनरच घ्यावा. अरुंद ‘डी’ आकारात गाठ मध्येच अडते.

इथे दोर धातूवर घासतो आणि स्वतःवरही. वळणावरचं घर्षण कोनाबरोबर बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतं. घर्षणांक ०.२५ धरला, तर एक पूर्ण वेढा ताण सुमारे पाचपट कमी करतो आणि दोन वेढे तेवीसपट! मोठा भार एका मुठीत राहतो तो यामुळे. नायलॉनवर नायलॉन घासणं एरवी घातक असतं, कारण एका जागी स्थिर असलेली स्लिंग (नायलॉनच्या पट्टीचा फास) सरकत्या दोराखाली वितळून तुटते. या गाठीत मात्र घासणारे दोन्ही भाग सतत पुढे सरकतात, त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही.

ट्यूबच्या साधनात (दोर नळीसारख्या खाचेतून वळवून रोखणारं बिलेचं उपकरण) दोन पदर समांतर आले की ब्रेक जवळजवळ जातो. इथे नेमकं उलटं, समांतर पदरांना सर्वांत जास्त ब्रेक मिळतो. ब्रेकचा, म्हणजे हातात धरलेला पदर गेटच्या विरुद्ध बाजूला ठेवावा, नाहीतर सरकता दोर स्क्रूवर घासून तो उघडू शकतो.

खरी तक्रार पिळाची. पदर फाकलेले ठेवून लांबवर उतरवलं, की खालचा दोर गुंडाळ्या घेतो आणि पुढच्या कड्याच्या कपारीत अडकतो. त्यामुळे उतरवताना हात लोडच्या पदराला लागून, समांतरच ठेवायचा.